मेलबर्नचे तीन गोल आणि सीमेपलीकडचा गोवा

१ डिसेंबर १९५६. मेलबर्नच्या ऑलिंपिक पार्क मैदानावर ऑलिंपिक फुटबॉल स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना रंगात आला होता. एका बाजूला यजमान ऑस्ट्रेलिया, दुसऱ्या बाजूला भारत. मध्यंतराला दोन्ही संघ २-२ असे बरोबरीत होते. उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटे होतात न होतात तोच भारताच्या मध्यआघाडीवरील खेळाडूने चेंडू पुन्हा एकदा जाळ्यात धाडला. त्या सामन्यातील हा त्याचा तिसरा गोल. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक नोंदविणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. त्याचे नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल डिसोझा हे गोमंतकीय होते. त्यांनी छातीवर भारताचे नाव मिरवीत हा पराक्रम केला, त्या दिवशी गोव्यात मात्र पोर्तुगालचा ध्वज फडकत होता. पेडणे तालुक्यातील पत्रादेवीच्या सीमेवर तिरंगा हाती घेऊन आलेल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. गोव्याची मुक्ती अजून पाच वर्षे दूर होती. जो ध्वज गोव्यात हाती धरणे हा गुन्हा होता, त्याच ध्वजासाठी एक गोमंतकीय जगाच्या दुसऱ्या टोकाला गोल करीत होता. नेव्हिल यांच्या कारकिर्दीकडे गोव्यातून पाहताना हे वास्तव बाजूला ठेवता येत नाही.

शापोरा नदीच्या काठावरून

गोव्यातील फुटबॉलची कहाणी शिवोलीपासून सुरू होते. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू या गावी आले आणि त्यांनी येथील मुलांच्या पायी चेंडू दिला, असा इतिहास सांगितला जातो. पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेतून हा खेळ बार्देशात रुजला आणि तेथून तिसवाडी व सासष्टीच्या गावोगाव पसरला. चर्चसमोरचे पटांगण, भातकापणीनंतर मोकळी पडलेली शेते आणि समुद्रकाठची वाळू ही त्याची पहिली मैदाने.

शिवोलीच्या धक्क्यावरून समोर पाहिले की शापोरा नदीपलीकडे पेडणे तालुक्याचे चोपडे गाव दिसते. नदी फार रुंद नाही. परंतु खेळाला ती ओलांडायला बराच काळ लागला. पेडणे आणि डिचोली हे तालुके नव्या काबिजादीतले. सावंतवाडीकरांकडून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. त्यांचे सामाजिक जीवन देवळाभोवती, जत्रेभोवती, भजन आणि दशावताराभोवती फिरत होते. जुन्या काबिजादीत शाळा आणि चर्च यांच्या आधाराने वाढलेला फुटबॉल या भागात उशिरा पोहोचला. गोव्याच्या फुटबॉलमधील बहुसंख्य जुनी नावे सासष्टी, बार्देश आणि तिसवाडीतील का, याचे उत्तर या इतिहासात दडलेले आहे.

खेळ गोव्यात रुजला खरा, पण खेळाडूचे पोट भरण्याची सोय येथे नव्हती. उद्योग नव्हते, उच्च शिक्षणाच्या संधी मर्यादित होत्या, शेती तुटपुंजी होती. गोमंतकीय तरुणांची पावले त्यामुळे मुंबईकडे वळत. धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांत गावागावांचे कूड उभे राहिले होते. एका गावची माणसे एका छताखाली राहत, सणवार साजरे करीत आणि बोटीवरची वा कचेरीतील नोकरी मिळेपर्यंत एकमेकांना सांभाळून घेत. या मुंबईकर गोमंतकीयांनी भारतीय खेळांना मोठे देणे दिले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघातील लिओ पिंटो आणि वॉल्टर डिसोझा हे खेळाडू याच समाजातले.

३ नोव्हेंबर १९३२ रोजी जन्मलेले नेव्हिल स्टीफन डिसोझा या परंपरेतील होते. त्यांच्या घरातही फुटबॉल होता. त्यांचे बंधू डेरेक हेही नामवंत खेळाडू म्हणून ओळखले गेले. नेव्हिल यांचे नाव घडले ते मुंबईच्या मैदानांवर.

कूपरेजचे दिवस

आज खेळाडूचा करार, त्याची रक्कम आणि एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाण्याची किंमत यांची चर्चा वृत्तपत्रांत होते. पन्नासच्या दशकात यांतील काहीही नव्हते. भारतीय फुटबॉल नावाला हौशी होता. मुंबईतील मोठ्या कंपन्या, रेल्वे आणि तेलकंपन्या आपापले संघ बाळगीत. खेळाडू कंपनीच्या पटावर असे, त्याला मासिक पगार मिळे आणि तो कंपनीच्या रंगांत मैदानात उतरे. पायांवर पोट चालणे याचा तेव्हाचा अर्थ एवढाच. पगार मात्र निश्चित असे आणि गुडघा दुखावला तरी चूल विझण्याची भीती तुलनेने कमी असे. मुंबईत आलेल्या गोमंतकीय कुटुंबाला ही सुरक्षितता मोलाची वाटत असणार, यात नवल नाही.

नेव्हिल यांची क्लब कारकीर्द टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅलटेक्स या दोन कंपनी-संघांशी जोडलेली आहे. कूपरेज मैदानावर हार्वुड लीगचे सामने होत आणि रोव्हर्स चषकासाठी देशभरातील बलाढ्य संघ येत. कोलकात्याचे नामांकित क्लब, सेनादलाचे संघ आणि त्या काळी सर्वांना भारी पडणारा हैदराबाद सिटी पोलीस संघ मुंबईकरांनी कूपरेजवर पाहिला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद पोलिसांनी नेला. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. हेच रहीम भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. मुंबईच्या खेळाडूंना त्यांच्या नजरेत भरण्याची संधी दरवर्षी आपल्याच अंगणात मिळत होती.

१९५४ साली मुंबईने राष्ट्रीय विजेतेपदाचा संतोष करंडक प्रथमच जिंकला. या विजयी संघाच्या आक्रमणाची धार होते नेव्हिल डिसोझा. बंगाल आणि हैदराबाद ही भारतीय फुटबॉलची दोन पीठे मानली जात असताना मुंबईच्या एका आघाडीपटूने राष्ट्रीय संघाचे दार ठोठावले, त्यामागे या विजयाचा मोठा वाटा होता.

तेरेखोल ते पत्रादेवी

नेव्हिल मुंबईत नाव कमावीत असताना गोव्याच्या सीमेवर वेगळाच संघर्ष पेटला होता. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रहींच्या एका तुकडीने पेडण्याच्या टोकावरील तेरेखोल किल्ल्यात प्रवेश करून तिरंगा फडकविला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला देशभरातून आलेले सत्याग्रही पत्रादेवी आणि इतर ठिकाणांहून सीमा ओलांडू लागले. पोर्तुगीज सैनिकांनी निःशस्त्र माणसांवर गोळीबार केला आणि अनेकांनी तेथेच प्राण सोडले. त्यानंतर भारत सरकारने पोर्तुगालशी उरलेसुरले संबंध तोडले आणि आर्थिक नाकेबंदी कडक केली.

या नाकेबंदीची झळ मुंबईकर गोमंतकीयांना घरोघरी बसली. रेल्वेची ये-जा थांबली, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येईना, गावी पैसे पाठविणे दुरापास्त झाले. मुलगा मुंबईत, आई-वडील गावात आणि मध्ये बंद पडलेली सीमा अशी असंख्य कुटुंबांची अवस्था होती. लिस्बनने १९५१मध्ये वसाहतींना सागरपार प्रांत असे नाव देऊन गोमंतकीय हे पोर्तुगीज नागरिकच आहेत, असा पवित्रा घेतला होता. फुटबॉलच्या मैदानावरही ते दिसत होते. मोझांबिकचा मातातेऊ लिस्बनच्या बेलेनेन्सेस क्लबाकडून खेळत होता आणि पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघात गोल करीत होता. एका दशकानंतर त्याच मोझांबिकचा युसेबिओ १९६६च्या विश्वचषकात नऊ गोल करून पोर्तुगालचा मानबिंदू ठरणार होता. वसाहतीतल्या गुणवान पायांनी साम्राज्याची शान वाढवावी, अशी ती व्यवस्था होती. मुंबईच्या वाटेने गेलेल्या एका गोमंतकीयाचे पाय मात्र भारतासाठी धावले. त्यात घोषणा नव्हती, मोर्चा नव्हता. तरीही गोव्याची माणसे कोणत्या देशाशी बांधलेली आहेत, याचा तो जगापुढे मांडलेला एक साधा पुरावा होता.

दहा गोलांचा डाग

स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरला तो १९४८ साली लंडनमध्ये. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १-२ असा निसटला. पराभवातही कौतुक झाले. १९५२ साली हेलसिंकीत मात्र युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. थंड हवा, ओले मैदान, बूट घालण्याची सवय नाही आणि देशांतर्गत सामने नव्वद मिनिटांपेक्षा कमी वेळाचे. या सगळ्याची किंमत एका दुपारी मोजावी लागली. त्या पराभवानंतर बूट घालणे सक्तीचे झाले.

रहीम यांनी या पराभवातून धडा घेतला. शिक्षकी पेशातून आलेला हा माणूस युरोपातील खेळाचा अभ्यास करीत असे. एकट्याने चेंडू घोळवत नेण्यापेक्षा एका स्पर्शात पास देणे, जागा बदलत राहणे आणि दमसास वाढविणे यावर त्यांचा भर होता. मेलबर्नसाठी निवडलेल्या संघाचे कर्णधारपद समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी यांच्याकडे होते. उजव्या बगलेवर वीस वर्षांचे प्रदीप कुमार म्हणजे पी. के. बॅनर्जी. आतल्या जागांवर कर्णधार स्वतः आणि जे. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू. गोलरक्षणासाठी उंचापुरे पीटर थंगराज. मध्यआघाडीची जागा मिळाली चोवीस वर्षांच्या नेव्हिल डिसोझा यांना.

त्या काळच्या रचनेत बगलेचा खेळाडू आणि मध्यआघाडीचा खेळाडू यांचे नाते दोरी आणि घागरीसारखे असे. बगलेवरच्याने सीमारेषेलगत धाव घ्यायची, बचावपटूला चकवायचे आणि चेंडू गोलच्या तोंडाशी टाकायचा. मधल्याने तो नेमक्या क्षणी गाठायचा. एक पाऊल आधी पोहोचले तर ऑफसाइड, एक पाऊल उशिरा पोहोचले तर बचावपटूचे फावते. प्रेक्षकांना धाव दिसते, चकवा दिसतो. गोलच्या तोंडाशी योग्य जागी उभे राहण्याची अक्कल सहसा दिसत नाही. नेव्हिल यांचे वेगळेपण या जागेच्या जाणिवेत होते.

नववे, तेहतिसावे, पन्नासावे

१९५६चे ऑलिंपिक अशांत जगात भरले. हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता आणि सुवेझचा पेच ताजा होता. अनेक देशांनी माघार घेतली. फुटबॉल स्पर्धेत अवघे अकरा संघ उरले. भारताची पहिली लढत हंगेरीशी होती. हंगेरीचा संघ उतरलाच नाही आणि भारताला थेट उपांत्यपूर्व फेरीत पुढे चाल मिळाली. तेथे गाठ पडली ती जपानला २-० असे हरवून आलेल्या ऑस्ट्रेलियाशी.

सामन्याच्या ९व्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. १७व्या मिनिटाला ब्रूस मॉरो याने ऑस्ट्रेलियाला बरोबरी साधून दिली. ३३व्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला पुन्हा आघाडीवर नेले. ४१व्या मिनिटाला मॉरोने पुन्हा हिशेब चुकता केला. मध्यंतराआधीचा खेळ म्हणजे जणू या दोघांमधले द्वंद्व होते. ५०व्या मिनिटाला नेव्हिल यांचा तिसरा गोल झाला आणि या द्वंद्वाचा निकाल लागला. मॉरोला तिसरे उत्तर देता आले नाही. ८०व्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल करून ४-२ अशा विजयावर शिक्कामोर्तब केले. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला संघ ठरला.

हा विजय योगायोगाचा होता, अशी शंका कोणाच्या मनात असेल तर तीही लवकरच फिटली. ऑलिंपिक आटोपल्यावर सिडनीत दोन्ही संघांचा पुन्हा मैत्रीपूर्ण सामना झाला. तो भारताने ७-१ असा जिंकला.

उपांत्य फेरीत ४ डिसेंबर रोजी समोर होता युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा. पूर्वार्धात भारताने त्यांना एकही गोल करू दिला नाही. ५२व्या मिनिटाला नेव्हिल यांनी चेंडू जाळ्यात मारला आणि भारत १-० असा पुढे गेला. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीचे दार किलकिले झाले. हा आनंद दोनच मिनिटे टिकला. ५४व्या मिनिटाला युगोस्लाव्हियाने बरोबरी साधली, ५७व्या मिनिटाला आघाडी घेतली, ६५व्या मिनिटाला ती वाढविली आणि ७८व्या मिनिटाला भारताच्या बचावपटूकडून स्वयंगोल झाला. निकाल १-४. कांस्यपदकाच्या सामन्यात ७ डिसेंबर रोजी बल्गेरियाने भारताला ३-० असे हरविले. भारत चौथा आला.

पदक हुकले, पण वैयक्तिक तक्त्यात एक भारतीय नाव सर्वांत वर राहिले. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये प्रत्येकी चार गोलांसह तिघे बरोबरीत होते: युगोस्लाव्हियाचा टोडोर वेसेलिनोविच, बल्गेरियाचा दिमितार मिलानोव्ह आणि भारताचे नेव्हिल डिसोझा. ज्या स्पर्धेचे सुवर्ण लेव्ह याशीन यांच्यासारखा गोलरक्षक असलेल्या सोव्हिएत संघाने पटकावले, त्या स्पर्धेत नेव्हिल यांनी हा मान मिळविला. त्यांचे चारही गोल अवघ्या दोन सामन्यांतले आहेत.

सुवर्णाच्या झळाळीत

६ डिसेंबर रोजी, म्हणजे कांस्यपदकाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, भारतीय हॉकी संघाने पाकिस्तानला १-० असे नमवून सुवर्णपदक जिंकले. देशाचे सारे लक्ष तिकडे वळले, ते स्वाभाविकही होते. चौथ्या क्रमांकासाठी कोणी फटाके वाजवीत नाही. आपण काय गमावले आणि काय कमावले, हे भारतीय फुटबॉलला पुढे अनेक दशकांनी कळले. त्यानंतर १९६० साली रोममध्ये भारत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये खेळला आणि साखळी फेरीतच थांबला. तेव्हापासून आजतागायत भारतीय संघाला ऑलिंपिकमध्ये पुन्हा स्थान मिळालेले नाही. मेलबर्नचा चौथा क्रमांक हीच आजही ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची सर्वोच्च कामगिरी आहे.

मायदेशी परतल्यावर नेव्हिल पुन्हा कंपनीच्या रंगांत दिसू लागले. १९५८ साली कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा ते त्या संघात होते. परदेशी क्लबाचे करार, जाहिराती, मानधन यांतले काहीही त्यांच्या वाट्याला आले नाही. त्या काळी ते कोणाच्याच वाट्याला येत नव्हते. राष्ट्रीय संघात नवी पिढी आली. चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम आणि पी. के. बॅनर्जी यांच्या त्रिकुटाने आक्रमण हाती घेतले आणि १९६२ साली जकार्तात रहीम यांच्या संघाने आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्या संघात गोव्याचे फोर्तुनातो फ्रांको मधल्या फळीत होते. मेलबर्न ते जकार्ता या सहा वर्षांच्या सुवर्णकाळाच्या दोन्ही टोकांना एकेक गोमंतकीय उभा आहे.

डिचोलीचा पूल

१८ डिसेंबर १९६१च्या पहाटे भारतीय सैन्य गोव्यात शिरले. माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने डिचोली, अस्नोडा आणि शापोरा येथील पूल उद्ध्वस्त केले. तरी सैन्य थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी गोवा मुक्त झाला आणि मुंबई व गाव यांच्यामधली ती बंद सीमा पुसली गेली. नेव्हिल तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते.

पूल पडलेल्या त्या डिचोलीतूनच गोव्याच्या व्यावसायिक फुटबॉलचा एक पूल पुढे बांधला गेला. डिचोलीतील एक स्थानिक क्लब साठच्या दशकाच्या उत्तरार्धात डेंपो उद्योगसमूहाने हाती घेतला आणि त्यातून डेंपो स्पोर्ट्स क्लब आकाराला आला. खाणींतून आलेला पैसा फुटबॉलमध्ये उतरला. साळगावकर क्लबाची स्थापना तर मेलबर्नच्याच वर्षी, १९५६ साली झाली होती. वास्को, सेसा, चर्चिल ब्रदर्स अशी नावे जोडली गेली. खेळाडूला गोव्यातच नोकरी मिळू लागली, गोव्यातच मैदान मिळू लागले आणि नेव्हिल यांच्या पिढीला जी मुंबईची वाट धरावी लागली होती, ती पुढच्या पिढीला सक्तीची राहिली नाही.

सत्तरच्या दशकात डेंपोने मुंबईला जाऊन रोव्हर्स चषक जिंकला. ज्या चषकासाठी नेव्हिल मुंबईच्या कंपनीकडून खेळले, तो चषक त्यांच्या हयातीतच गोव्याच्या क्लबाने गोव्यात आणला. पुढे याच डेंपोने राष्ट्रीय लीगची पाच विजेतेपदे मिळविली. डिचोली तालुक्यातील साखळी येथे १९९९ साली सेसा फुटबॉल अकादमी उभी राहिली आणि एके काळी या खेळापासून काहीसे दूर राहिलेले नव्या काबिजादीचे क्षेत्र खेळाडू घडविण्याचे केंद्र बनले.

हे सारे पाहण्याइतके आयुष्य नेव्हिल यांना लाभले नाही. १६ मार्च १९८० रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. त्यानंतर तीनच वर्षांत गोव्याने बंगालसमवेत संतोष करंडकाचे संयुक्त विजेतेपद मिळविले आणि लगेच पुढच्या वर्षी तो एकट्याच्या बळावर जिंकला. ज्या करंडकावर १९५४ साली एका गोमंतकीयाने मुंबईचे नाव कोरण्यास हातभार लावला होता, त्यावर आता गोव्याचे नाव लागले होते.

आठवणीचे ऋण

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. फुटबॉलमधील पहिला अर्जुन पुरस्कार पी. के. बॅनर्जी यांना मिळाला आणि तो सर्वार्थाने योग्य होता. नेव्हिल डिसोझा यांचे नाव मात्र त्या यादीत कधीच आले नाही. पुरस्कार सुरू झाला तेव्हा मेलबर्नला पाच वर्षे लोटली होती आणि भारतीय फुटबॉलची नजर नव्या ताऱ्यांवर होती. मुंबईने त्यांची आठवण आपल्या परीने ठेवली; वांद्रे येथील फुटबॉल मैदानाला नेव्हिल डिसोझा यांचे नाव आहे. २०२४ साली रहीम यांच्या जीवनावर आलेल्या मैदान या हिंदी चित्रपटामुळे नव्या पिढीतील काहींच्या कानावर हे नाव प्रथमच पडले.

गोव्याने २०१२ साली फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून दर्जा दिला. ज्या राज्याचा खेळच फुटबॉल आहे, त्या राज्यातील शाळकरी मुलांना पेले, मॅराडोना, मेस्सी आणि रोनाल्डो ठाऊक असतात. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू आपला होता, हे त्यांपैकी किती जणांना सांगितले गेले आहे, हा प्रश्न मात्र प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक क्लबाने स्वतःला विचारायला हवा. मुक्तिलढ्याचा इतिहास शिकविताना पत्रादेवी सांगितली जाते, तेरेखोल सांगितला जातो, आणि ते सांगितलेच पाहिजे. त्याच वर्षांत, त्याच ध्वजासाठी, मेलबर्नच्या मैदानावर घडलेली एक गोष्ट त्या धड्यालगत बसविली तर ती अस्थानी ठरणार नाही.

आज शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल आहे. नदी आता खेळाला अडवीत नाही. मोरजी, हरमल, केरीच्या किनाऱ्यांवर संध्याकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूत मुले चेंडू मारताना दिसतात. डिचोली आणि साखळीच्या मैदानांवर सरावाच्या शिट्ट्या वाजतात. बगलेवरून एखादा मुलगा जीव खाऊन धावत येतो आणि चेंडू मध्ये टाकतो. तेथे गोलच्या तोंडाशी योग्य क्षणी कोणी तरी पोहोचलेले असावे लागते. सत्तर वर्षांपूर्वी तसा एक गोमंतकीय पोहोचला होता, ९व्या, ३३व्या आणि ५०व्या मिनिटाला. त्याच्या गावाकडची वाट तेव्हा बंद होती. आता ती खुली आहे आणि त्या वाटेने त्याची आठवण गोव्यात आणणे हे येथील फुटबॉलवेड्यांच्या हाती आहे.